थंडीत लोणी येईना, भोगीपर्यंत जमेल का?

सायली_नाशिक | ५ जानेवारी, दुपारी १:२०

ताकाला आलेय तर भांडं लपवत नाही. सलग तिसऱ्या रविवारी माझं लोणी आलेलं नाही.

आम्ही मूळचे अकोल्याचे, गेल्या जूनपासून नाशकात. घरी रोज एक लिटर फुल क्रीम दूध येतं. तापवून, गार करून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवते, सकाळी साय अशी अखंड निघते की वाटावं घडी घालून ठेवावी. स्टीलच्या डब्यात पहिल्या दिवशी चमचाभर दही, मग रोजची साय त्यातच. आठवड्याने डबा भरला की शनिवारी रात्री ओट्यावर काढून ठेवते, रविवारी सकाळी पुन्हा तासभर फ्रिजमध्ये (आईचा नियम: गार पाहिजे) आणि मग मिक्सर. सोबत बर्फाचे खडे.

पावसाळ्यात आणि दिवाळीपर्यंत सगळं सुरळीत होतं. डिसेंबरपासून नुसता फेस. दाढीचा साबण फेसाळतो ना, अगदी तस्सा. आज बावीस मिनिटं फिरवलं. शेवटी मिक्सरने वास सोडला आणि बंदच पडला. खालचं लाल बटण दाबून अर्ध्या तासाने चालू झाला, पण नवऱ्याने आता मिक्सरला हात लावायचा नाही म्हणून दम दिलाय.

आईला फोन केला. तिचं एकच, "बर्फ घाल अजून. बर्फाशिवाय लोणी येते का कुठं!" मागच्या वेळी सहा खडे घातले होते, आज बारा. फेस तेवढा वाढला.

१३ तारखेला भोगी. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीची भाजी आणि वर विकतचं खारट पिवळं बटर? सासूबाई काही म्हणणार नाहीत, पण बघतील. कोणी सांगेल का काय चुकतंय?

---

पार्लेकरीण | ५ जानेवारी, दुपारी २:०५

नावातच साय आहे आणि लोणी येत नाही? :)

चेष्टा राहू दे. मी पस्तीस वर्षं मुंबईत लोणी काढतेय, बर्फ हवाच. तुमच्या मिक्सरचं धारदार पातं काढून ताकाचं बोथट पातं लावा. धारेने साय कापली जाते, घुसळली जात नाही. आणि भांडं अर्ध्याच्या वर भरू नका.

---

नवशिक्या_बंगळुरू | ५ जानेवारी, दुपारी २:३१

बाळबोध प्रश्न. साय आणि मलई एकच ना? आणि काचेच्या बरणीत घालून हलवलं तर होतं असं पाहिलंय, ते खरं का? मी एकटा राहतो, मिक्सर नाही. फोनवर 'घरी लोणी' असं शोधलं तर मला लोणी काळभोरला जायचा रस्ता दाखवला.

---

कोल्हापुरी_ठसका | ५ जानेवारी, दुपारी ३:१२

@नवशिक्या, एकच. बरणीत होतं, पण वाटीभरच घ्या आणि अर्धी बरणी रिकामी ठेवा. हात भरून येतात, सांगून ठेवतो.

@सायली, आधी दुधाची पिशवी बघा. काही पिशव्यांवर बारीक अक्षरात 'होमोजिनाइज्ड' लिहिलेलं असतं. त्यात दूध जोराने अगदी बारीक फटीतून दाबून काढतात, स्निग्धाचे गोळे फुटून इतके लहान होतात की वर तरंगतच नाहीत. असल्या दुधावर तापवल्यावर धरते ती नुसती पातळ कातडी. आमच्याकडे वहिनीने दूधवाला बदलला आणि तीन आठवडे मिक्सरला शिव्या देत होती, दोष दुधाचा होता.

---

सायली_नाशिक | ५ जानेवारी, दुपारी ३:४०

पिशवी कचऱ्यातून काढून पाहिली. तसं काही लिहिलेलं नाही, स्निग्धांश ६ टक्के लिहिलाय. साय जाडच येते. दूध जूनपासून तेच आहे, आणि ऑक्टोबरपर्यंत लोणी याच दुधाचं येत होतं.

@पार्लेकरीण, पातं बोथटच आहे.

---

हिशेबनीस | ५ जानेवारी, सायंकाळी ६:१८

राग मानू नका, पण हे सगळं कशासाठी? आठवडाभर साय जमवा, फ्रिजमध्ये जागा अडवा, बावीस मिनिटं मिक्सर, मग चार तेलकट भांडी घासा. चांगलं तूप सहाशे-सातशे रुपये किलो मिळतं. तुमच्या डब्यातून किती निघत असेल, पाव किलो? म्हणजे दीडशे रुपये. त्यात गॅस आणि मिक्सरची दुरुस्ती धरा.

---

पार्लेकरीण | ५ जानेवारी, सायंकाळी ६:२५

हिशेबनीस, साय काढून दूध उरतंच की, ते कोणी ओतून देत नाही. त्याचा चहा होतो, दही लागतं. वर ताक मिळतं. तुमच्या वहीत ते कुठल्या रकान्यात लिहिता?

---

हिशेबनीस | ५ जानेवारी, सायंकाळी ६:४०

ताक मान्य. भांडी मात्र लिहायची राहिली असतील तुमच्या वहीत.

---

डेअरीतला_निवृत्त | ५ जानेवारी, रात्री ९:१०

सायलीताई, मी चौतीस वर्षं एका डेअरीत होतो, त्यातली निम्मी लोणी विभागात. तुम्ही फार नीटनेटकं लिहिलंय, त्यामुळे उत्तर तुमच्याच मजकुरात सापडलं. दुधाचा, पात्याचा, मिक्सरचा कशाचाच दोष नाही. तुम्ही बर्फ का घालताय?

जरा विस्ताराने लिहितो, कारण दरवर्षी डिसेंबरात कोणीतरी हाच प्रश्न घेऊन येतं.

दुधातला स्निग्धांश बारीक गोळ्यांच्या रूपात असतो आणि प्रत्येक गोळ्याला पातळ आवरण असतं. ते आवरण आहे म्हणून तूप दुधावर तेलासारखं तरंगत नाही. घुसळणं म्हणजे हे गोळे एकमेकांवर आपटवून आवरण फाडायचं आणि आतलं स्निग्ध एकमेकांना चिकटवायचं. आता चिकटण्यासाठी गोळा कसा हवा? पूर्ण कडक असेल तर दोन गोट्या आपटल्यासारखं होतं, टक्कर होते आणि वेगळ्या होतात. पूर्ण पातळ असेल तर गोळा धरतच नाही, तेलकट होऊन निम्मं ताकात जातं. अर्धा कडक, अर्धा मऊ हवा, म्हणजे कडक भाग आवरणाला टोचतो आणि मऊ भाग डिंकाचं काम करतो.

ही अवस्था येते १२ ते १५ अंशांच्या आसपास. गाईच्या दुधाला थोडं खाली, म्हशीच्या दुधाला थोडं वर, कारण म्हशीचं स्निग्ध मुळात कडक. तुमचं फुल क्रीम म्हणजे बहुतेक म्हशीचं किंवा मिश्र.

फ्रिजमधून काढलेली साय असते पाच-सहा अंशांवर. मुंबईत ओटाच तीस अंशांवर असतो, मिक्सर स्वतः तापतो, साय बघता बघता वीसच्या वर जाते. तिथे बर्फ घालून तिला खाली ओढावं लागतं. पार्लेकरीणबाई मुंबईपुरत्या शंभर टक्के बरोबर आहेत. अकोल्याच्या तर विचारूच नका, मे महिन्यात ४४-४५ अंश! तिथे बर्फ नाही घातला तर मिक्सरमध्ये तूपच व्हायचं. पण नाशकात जानेवारीत? शेजारच्या निफाडला पारा पाच-सहावर येतो. तुम्ही आधीच गारठलेली साय तासभर अजून गार करता आणि वर बारा खडे. गोळे गोट्यांसारखे कडक झाले, मिक्सरने त्यात फक्त हवा भरली. तुमचा फेस म्हणजे केकवर लावतात ते फेटलेलं क्रीम, दुसरं काही नाही.

उपाय: बर्फ बंद. घरात थर्मामीटर असेल तर बुडवून बघा आणि इथे लिहा. नसेल तर बोट बुडवा. गार लागलं पाहिजे पण बोट आखडायला नको. वाटीभर कोमट पाणी हाताशी ठेवा.

आणि आवाज ऐका. हे कुठल्याच कृतीत लिहिलेलं नसतं. आधी पातळ छपछप, मग साय दाटली की आवाज जड आणि दबका होतो. इथे माणसं घाबरून थांबतात. थांबायचं नाही. त्यानंतर एकदम आवाज मोकळा होतो आणि थप थप आपटल्यासारखं ऐकू येतं, म्हणजे ताक सुटलं.

---

कोकणचो_माणूस | ५ जानेवारी, रात्री १०:०२

निवृत्तकाका, आता मला आमच्या आजीचं कोडं उलगडलं.

आमच्या घरी मागच्या पडवीत खांब होता, त्याला रवी बांधलेली आणि खाली मातीचा डेरा. आजी घुसळायला बसायची ती पहाटेच, उजाडायच्या आधी. आम्हाला वाटायचं की बाई कामसू म्हणून लवकर उठते. एकदा कुणाच्या बारशाला जायचं म्हणून कामं उलटसुलट झाली आणि आईने दुपारी घुसळायला घेतलं. आजी तिथूनच ओरडली, "आता उन्हात घुसळून काय तेल काढतंस?" आणि खरंच तसंच झालं, ताकावर पिवळे डोळे तरंगत होते, गोळा काही धरेना.

पुढची गंमत अशी की पौष महिन्यात तीच आजी डेरा उचलून चुलीच्या बाजूला नेऊन ठेवायची. विस्तवावर नाही, बाजूला. घुसळता घुसळता मधेच डेऱ्याला बाहेरून तळवा लावून बघायची. तळवा हेच तिचं यंत्र.

रवीची दोरी मला ओढायला द्यायची, पण पहिली पाचच मिनिटं. पुढचं काम माझ्या हाताचं नाही म्हणायची. दोरी एका लयीत दोन्हीकडे सारखी जायला हवी, माझा उजवा हात जास्त ओढायचा आणि डेरा डुगडुगायचा. लोणी आलं की हात आधी गार पाण्यात बुडवायचे, मगच गोळा काढायचा, नाहीतर अर्धं लोणी बोटांनाच चिकटतं. बोटांचं लोणी मात्र माझं.

---

अर्धी_भाकर | ५ जानेवारी, रात्री १०:४८

धाग्यात घुसते, माफ करा. माझं लोणी येतं पण कडू येतं. तूप कढवलं तरी तो कडवटपणा जात नाही. साय पंधरा दिवसांची असते, फ्रिजमध्येच असते. काय करू?

---

डेअरीतला_निवृत्त | ६ जानेवारी, सकाळी ७:०५

पंधरा दिवस फार झाले. फ्रिजने जंतू मरत नाहीत, थंडीत आरामात वाढणारे काही असतातच. ते हळूहळू स्निग्ध आणि प्रथिनं तोडत बसतात, त्याची चव कडवट आणि वास खवट. सायलीताई करतात तसं पहिल्याच दिवशी चमचाभर ताजं दही घाला. आंबटपणा आला की त्या मंडळींचं फारसं चालत नाही. शिवाय आंबट सायीचं लोणी सुटतंही लवकर आणि तुपाला वास चांगला येतो.

आठवड्याच्या आत घुसळणं जमणार नसेल तर साय फ्रिजरमध्ये साठवा, आदल्या दिवशी खाली उतरवून पूर्ण सुटू द्या आणि मग विरजण लावा. आणि दुधाचा चमचा डब्यात बुडवून तोच पुन्हा दुधात घालायचा नाही. हे सगळे करतात आणि सगळे नाही म्हणतात.

---

अर्धी_भाकर | ६ जानेवारी, सकाळी ७:३०

शेवटच्या वाक्याने पकडलंत, काका.

---

एडिसनकर | ६ जानेवारी, सकाळी ८:४४

न्यू जर्सीहून. आमच्याकडचं बहुतेक दूध होमोजिनाइज्डच, त्यामुळे साय हा शब्दच मुलांना माहीत नव्हता. मी लोणी काढते हेवी व्हिपिंग क्रीमचं, त्यात स्निग्धांश किमान ३६ टक्के असतो. दोन चमचे दही घालून रात्रभर ओट्यावर, सकाळी तासभर फ्रिज, मग उभ्या मिक्सरमध्ये. पहिल्यांदा केलं तेव्हा ताक सुटल्याक्षणी ते छतापर्यंत उडालं. आता मिक्सरवर टॉवेल गुंडाळते.

डब्यावरची यादी वाचून घ्या. ज्यात क्रीम दाट राहावं म्हणून डिंकासारखं काही घातलेलं असतं, ते फेटलं जातं पण फुटायला खूप वेळ लावतं. भारतातल्या छोट्या खोक्यातल्या 'फ्रेश क्रीम'चंही तेच, त्यात स्निग्धांशही पंचवीसच्या आसपास असतो. त्याच्या नादी लागू नका.

पैशाचं म्हणाल तर हिशेबनीस जिंकले. इथे क्रीमपेक्षा बिनमिठाचं बटर स्वस्त पडतं आणि वर्षभराचं तूप मी त्याचंच कढवते. फक्त गोकुळाष्टमीला क्रीमचं लोणी. वाटीतलं लोणी, वर खडीसाखर. पाकिटातली वडी कापून बाळकृष्णापुढे ठेवायला जीव धजत नाही.

---

नवशिक्या_बंगळुरू | ६ जानेवारी, सकाळी ९:१५

अजून एक बाळबोध. घरचं पांढरं आणि विकतचं पिवळं का? विकतच्यात हळद असते का?

---

डेअरीतला_निवृत्त | ६ जानेवारी, सकाळी ९:५०

हळद नाही. गाईच्या दुधात चाऱ्यातलं पिवळं कॅरोटीन उतरतं, म्हणून गाईचं लोणी पिवळसर. म्हैस त्याचं जवळजवळ सगळंच जीवनसत्त्व अ करून टाकते, म्हणून तिचं लोणी पांढरंशुभ्र. विकतच्या टेबल बटरमध्ये मीठ असतं आणि बहुतेकदा रंगही घातलेला असतो. त्याला स्निग्धांश किमान ८० टक्के लागतो. आपल्या घरच्या लोण्यात पाणी जास्त राहतं, म्हणून कढवताना ते जास्त तडतडतं.

---

तूपसाखर | ६ जानेवारी, दुपारी १२:१०

मिक्सरच्या लोण्यात राम नाही. मिक्सरच्या वेगाने पोषणमूल्य जळतं. आमच्याकडे देशी गाईचं ए२ (म्हणजे ए२ प्रकारचं प्रथिन असलेलं) दूध, पूर्ण दुधाचं दही लावून दोन्ही बाजूंनी रवी फिरवून केलेलं वैदिक बिलोना तूप मिळतं. तीन हजार रुपये किलो आहे, पण खात्रीचं. कोणाला हवं असेल तर...

---

कोल्हापुरी_ठसका | ६ जानेवारी, दुपारी १२:२२

आलं विक्रीला. मिक्सरने जळतं आणि मग कढईत तासभर शंभर अंशांच्या वर उकळतं तेव्हा नाही जळत होय? पूर्ण दुधाचं दही लावून काढलेल्या लोण्याची चव वेगळी लागते हे मी मान्य करतो, आमच्या गावात तसंच काढायचे. पण चव वेगळी आणि किलोला तीन हजार वेगळे.

ए२ च्या पाटीबद्दल म्हणाल तर २०२४ च्या ऑगस्टमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने असले दावे वेष्टनावरून काढा म्हणून सांगितलं होतं आणि आठवड्याच्या आत ते पत्रक मागे घेतलं. म्हणजे सध्या ज्याने त्याने आपल्या जबाबदारीवर लोणी लावावं आणि लावून घ्यावं.

---

संपादक | ६ जानेवारी, दुपारी १:००

जाहिरातीचा पुढचा भाग काढला आहे. बिलोना वादासाठी जुना धागा आहे, तिथे सव्वादोनशे प्रतिसाद आहेत, तिथे भांडा.

---

सायली_नाशिक | ६ जानेवारी, रात्री ८:३०

निवृत्तकाका, काय बोलू! तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. "मिक्सर निर्दोष सुटला," एवढंच म्हणाला.

घरात लेकीच्या आंघोळीच्या पाण्याचा थर्मामीटर आहे, बदकाच्या आकाराचा. तो चालेल का? एक शंका: साय रात्रभर ओट्यावर ठेवली तरी इथे विरजण नीट लागत नाही, सकाळी पातळच असते.

---

पार्लेकरीण | ६ जानेवारी, रात्री ८:४१

तांदळाच्या डब्यात पुरून ठेवा डबा. किंवा सरळ एखाद्या जुन्या शालीत गुंडाळा. आणि माझा बर्फाचा सल्ला मुंबईपुरता मर्यादित समजावा. पस्तीस वर्षांत एकदाही मला वाटलं नव्हतं की माझी कृती म्हणजे माझ्या गावचं हवामान आहे.

---

डेअरीतला_निवृत्त | ६ जानेवारी, रात्री ९:२०

बदक चालेल. फक्त दहाच्या खाली दाखवतं का ते बघा, कारण आंघोळीचे बरेच थर्मामीटर तिथे पोचतच नाहीत. सकाळी फ्रिज नको, ओट्यावरून थेट मिक्सर. मोजमाप लिहून ठेवा.

---

सायली_नाशिक | १२ जानेवारी, सकाळी ११:५५

आलं! आलं! आलं!

आता सविस्तर लिहिते, कोणाला उपयोग होईल. शनिवारी रात्री डबा शालीत गुंडाळून तांदळाच्या डब्याशेजारी ठेवला (आत मावला नाही). सकाळी साय छान दह्यासारखी धरली होती. बदक बुडवलं तर १७ अंश. आता मी म्हटलं, जुन्या पद्धतीने काय होतं तेही मोजून बघू या. म्हणून निम्मी साय डब्यात ठेवून डबा तासभर फ्रिजरमध्ये टाकला आणि निम्मी बाहेर ठेवली.

बाहेरची निम्मी आधी. मिक्सरच्या मोठ्या भांड्यात अर्ध्यापर्यंत, अर्धी वाटी नळाचं पाणी. इथलं नळाचं पाणी या दिवसांत इतकं गार असतं की बर्फाची गरजच नाही. बदक म्हणालं १५. थांबून थांबून फिरवलं. दीड मिनिटात साय दाटली, आवाज दबका झाला. इथेच मी तीन रविवार अडकले होते. धीर धरून फिरवत राहिले आणि काका, तुम्ही म्हणाला तसंच झालं. आधी भांड्याच्या कडेला रवा दिसायला लागला, बारीक, वरईच्या भातासारखा. मग एकदम आवाज मोकळा आणि थप! झाकण उघडलं तर खाली निळसर ताक आणि वर गोळा. सगळं मिळून तीन मिनिटं सुद्धा नाही.

मग फ्रिजरमधली. बदकाचा काटा अगदी खाली टेकला, ७ असावं. बर्फ न घालता पाच मिनिटं फिरवलं, तोच साबणाचा फेस. तेव्हा थांबून वाटीभर कोमट पाणी (हाताला बरं वाटेल इतपत) थोडं थोडं करून फिरवत घातलं. फेस खाली बसला, बदक १४ च्या जरा खाली. आणखी दोन मिनिटांत गोळा! ज्या फेसाला मी तीन वेळा सिंकमध्ये ओतलं तो सगळा लोणीच होता हे कळल्यावर फार हळहळ वाटली.

दोन्ही मिळून ३४० ग्रॅम. गार पाण्यात तीनदा धुतलं, तिसरं पाणी स्वच्छ आलं. भोगीपुरतं वाडग्यात पाण्यात बुडवून ठेवलंय, बाकीचं कढवायला.

---

हिशेबनीस | १२ जानेवारी, दुपारी १२:१०

अभिनंदन. तीन वेळा ओतलेल्या फेसाचे अंदाजे एक किलो लोणी, म्हणजे पाऊण किलो तूप, म्हणजे पाचशे रुपये. नोंद घेतली.

---

सायली_नाशिक | १२ जानेवारी, दुपारी १२:१४

मीठ चोळू नका हो.

---

कोकणचो_माणूस | १२ जानेवारी, दुपारी १२:३०

कढवताना शेवटी विड्याचं पान टाका, एक चिमूट मीठ. पान तुपात कुरकुरीत झालं की आमच्याकडे पोरांत मारामारी. आणि खाली बसलेली बेरी टाकू नका, साखर घालून चमच्याने खा. लगेच खा, उद्यावर ठेवली तर घरातलं दुसरं कुणी खातं.

---

अर्धी_भाकर | १२ जानेवारी, दुपारी १:०५

गॅस कधी बंद करायचा? माझं तूप कधी हिरवट राहतं, कधी जळतं.

---

पार्लेकरीण | १२ जानेवारी, दुपारी १:१८

तडतड थांबून बारीक बुडबुडे आले आणि तळातली बेरी बदामी झाली की बंद. तांबूस व्हायची वाट बघू नका, भांड्याच्या उष्णतेने ती अजून एक रंग पुढे जाते. जाड बुडाचं पातेलं घ्या. रवाळ हवं असेल तर गाळून झाल्यावर हलवू नका, हळूहळू निवू द्या. फ्रिजमध्ये तर अजिबात नको.

---

डेअरीतला_निवृत्त | १२ जानेवारी, दुपारी ३:४०

सायलीताई, शाबास. निम्मी साय मुद्दाम गार करून बघितलीत, हे फार आवडलं. आमच्या विभागातल्या नवीन पोरांना हे सांगून पटायचं नाही.

एकच सूचना. वाडग्यातलं पाणी रोज बदला, आणि आजचं-उद्याचं लोणीच तसं ठेवा. मार्चमध्ये उन्हं तापली की पुन्हा बर्फाकडे वळावं लागेल. तेव्हा 'काकांनी बर्फ बंद सांगितला होता' म्हणून इथे तक्रार घेऊन येऊ नका.

---

सायली_नाशिक | १३ जानेवारी, रात्री ९:०५

भोगी झाली. भाकरी गरम, वर लोण्याचा गोळा, तो वितळून तिळांत मुरतो तो क्षण. सासूबाईंनी गोळा बघितला, काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या भाकरीला वाडगा स्वतःकडे ओढला.

आईला फोन करून सगळं सांगितलं. बदक, अंश, गोट्या, डिंक, सगळं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अवं, थंडीत तर आपण कोमटच पाणी घालतो. ते काय सांगा लागते?"

मी म्हटलं, तीन आठवडे तू मला बर्फ बर्फ करत होतीस. तर म्हणे, "मले काय माहीत तुह्याकडे थंडी हाये! इथं तर पंखा सुरू आहे."

---

पार्लेकरीण | १३ जानेवारी, रात्री ९:२०

:)) ताकाचं काय केलंत?

---

सायली_नाशिक | १३ जानेवारी, रात्री ९:२४

कढी. पण सायीचं ताक आंबटच होईना, शेवटी दोन चमचे दही घालावं लागलं. त्यावर काही उपाय?

---

डेअरीतला_निवृत्त | १३ जानेवारी, रात्री ९:५१

शाल अजून एक रात्र.